शिडाच्या बोटीच्या बुडाला अँटीफाउलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर लागला की तेच प्रश्न सुरू होतात: पावसाळ्यासाठी बोट पाण्यातून वर काढली आहे, बुडाचा रंग घ्यायचाय, कोणता घेऊ, किती घेऊ, कधी मारू? खालची उत्तरं मुंबई बंदरात आणि कोकण-गोव्याच्या खाड्यांत मुरिंगवर (पाण्यातच कायमच्या नांगराला बांधून) राहणाऱ्या, २० ते ३५ फुटांच्या फायबरच्या शिडाच्या बोटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. माझी स्वतःची बोट २६ फुटी आहे. थंड देशांतल्या सूचना इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत, कारण तिथला हंगाम वेगळा आणि पाणीही वेगळं. लाकडी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बोटींबद्दल प्रश्न १३ आणि १६ पाहा.

१. अँटीफाउलिंग म्हणजे नेमकं काय? चांगला मरीन पेंट मारला तर चालणार नाही का?

नाही चालणार. मरीन पेंट पाण्याला अडवतो, जिवांना नाही. जेट्टीच्या खांबावर बार्नेकल (टणक कवचाचे, चिकटून बसणारे छोटे समुद्री जीव) बसतात तसेच त्याच्यावरही बसतात. अँटीफाउलिंगचं काम उलटं आहे. त्यातलं तांबं, बहुतेक वेळा क्युप्रस ऑक्साइडच्या रूपात, थोडं थोडं पाण्यात सुटत राहायला हवं. त्यामुळे बुडाला लागून असलेला पाण्याचा पातळ थर चिकटायला आलेल्या पिल्लांना सोसत नाही.

तांबं सुटायचं थांबलं की रक्षणही थांबतं. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरच्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे तुकडे जोडून पत्र्याची झीज थांबवून दाखवली. झीज खरोखर थांबली, पण मग त्या जहाजांची बुडं शेवाळाने आणि बार्नेकलने भरून गेली. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती आधी सांगितली.

२. माझ्या बोटीला तो लागतोच का?

बोट पाण्यातच राहणार असेल तर लागतोच. डिंगी (छोटी उघडी बोट) असेल, प्रत्येक वेळी पाण्याबाहेर काढून गोड्या पाण्याने धुऊन ट्रॉलीवर ठेवत असाल, तर मुळीच लावू नका. गुळगुळीत जेलकोटच (फायबरचा मूळचा बाहेरचा थर) बरा, आणि शर्यतीत वेगही चांगला मिळतो. खडकवासल्यासारख्या धरणाच्या पाण्यात बार्नेकल नसतात. तिथे फक्त शेवाळ आणि बुळबुळीत थर येतो, तो मऊ स्पंजने निघतो.

खाऱ्या पाण्यात दोन-चार दिवसच बोट ठेवायची असेल तरी लावायची गरज नाही. आठवडा उलटणार असेल तर मात्र विचार करा.

३. आपल्याकडे बुडाला काय काय चिकटतं, आणि किती दिवसांत?

स्वच्छ पृष्ठभाग पाण्यात गेला की काही तासांतच त्यावर जिवाणूंचा थर धरू लागतो. दोन-तीन दिवसांत हात फिरवला तर बुळबुळीतपणा कळतो. आठवड्या-दोन आठवड्यांत बार्नेकलची पिल्लं बसलेली दिसतात, आधी मोहरीच्या दाण्याएवढी. मग नळीसारख्या कवचाचे किडे, झुपक्यासारखे हायड्रॉइड, आणि त्यांच्या आडोशाने शिंपले आणि कालवं.

बार्नेकल दिसतो शिंपल्यासारखा, पण नातं कोळंबी-खेकड्यांशी. त्याचं पोहणारं पिल्लू जागा चाचपत फिरतं, पसंत पडली की डोक्याकडून चिकटतं आणि मग जन्मभर हलत नाही. आपल्याला अडवायचं आहे ते चाचपण्याच्या त्या वेळात. एकदा कवच धरलं की रंग काही करू शकत नाही.

युरोपात हिवाळ्यात ही वाढ मंदावते. आपल्याकडे पाणी वर्षभर कोमट, त्यामुळे बुडाला सुट्टी नाही. त्यात परदेशी पाहुणे आहेत: मध्य अमेरिकेकडची काळ्या पट्ट्यांची एक छोटी शिंपली १९६७ साली विशाखापट्टणमला सापडली आणि नंतर मुंबईच्या गोदीतही. ती घोसाने वाढते.

४. मऊ रंग घ्यावा की टणक?

मऊ म्हणजे झिजणारा रंग, पाण्याच्या घासण्याने थर थर निघत जाणारा. वरचा संपलेला थर जातो आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. टणक रंगाचा पापुद्रा जागेवर राहतो, त्यातलं तांबं मात्र पाझरून संपतं. हंगामाअखेर उरतं ते रिकामं टरफल, आणि वर्षागणिक ही टरफलं एकावर एक साचतात.

मुंबईत मुरिंगवर राहणाऱ्या आणि पावसाळ्यात वर येणाऱ्या बोटीला मी मऊ, झिजणाराच रंग सुचवतो. एक कारण प्रश्न ५ मध्ये आहे. दुसरं असं की झिजणारा रंग साचत नाही, त्यामुळे काही वर्षांनी सगळं खरवडून काढायची पाळी लवकर येत नाही. टणक रंग दर आठवड्याला शर्यतीला उतरणाऱ्यांसाठी आणि ज्यांचं बूड वारंवार घासलं जातं त्यांच्यासाठी.

तांब्याची पूड मिसळलेलं इपॉक्सी हा तिसरा प्रकार. महाग असतो, पण बरीच वर्षं टिकतो. मात्र तो लावताना हवामान आणि पृष्ठभाग अगदी काटेकोर हवेत, आणि दर हंगामाला हलकं घासून तांबं पुन्हा उघडं करावं लागतं. सिलिकॉनच्या निसरड्या लेपाला विष लागत नाही. चिकटलेलं वेगाने धुऊन जावं ही त्यामागची कल्पना. महिनोन्महिने मुरिंगवर उभ्या राहणाऱ्या शिडाच्या बोटीला तो वेग कुठून मिळणार? त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांसाठी तो नाही.

५. रंग कधी मारायचा? बोट मे अखेरीस वर आली की लगेच मारून टाकला तर?

कृपया नको. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

माझ्या पहिल्या वर्षी मी हेच केलं. बोट वर आली, माणसं हाताशी होती, जूनच्या पहिल्या पावसाआधी दोन हात मारून मोकळा झालो. रंग टणक जातीचा होता. चार महिने तो हवेत सुकत राहिला. ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात गेली तेव्हा बूड नवं कोरं दिसत होतं. दिवाळीनंतरच्या पहिल्याच सफरीत बोट वळेना. वाऱ्यावर चढताना सारखी खाली घसरत होती. खाली उतरून हात लावला तर कील (बुडाखालचा जड उभा भाग) बार्नेकलने भरलेली. इतका मन लावून मारलेला रंग पाण्यात जायच्या आधीच निकामी झाला होता.

कारण साधं आहे. टणक रंग हवेत फार काळ राहिला की पृष्ठभागावरचं तांबं बदलतं आणि सुटेनासं होतं. म्हणून डब्याच्या माहितीपत्रकात दोन मुदती दिलेल्या असतात: शेवटच्या हातानंतर कमीत कमी किती तासांनी आणि जास्तीत जास्त किती दिवसांनी बोट पाण्यात गेली पाहिजे. दुसरी मुदत लोक वाचतच नाहीत. झिजणाऱ्या रंगाला ही मुदत बरीच लांब असते आणि पाण्यातून वर काढून पुन्हा उतरवलेलंही तो सोसतो, पण चार महिने त्यालाही फुकट का घालवायचे?

मी आता असं करतो. बोट वर येताच, बूड ओलं असतानाच प्रेशर वॉशरने धुऊन घेतो. हा एक तास फार मोलाचा आहे. ओलं असताना शेवाळ आणि कोवळे बार्नेकल पाण्याच्या माऱ्याने निघतात. तेच उन्हात सुकले की सिमेंट. मग पावसाळाभर बुडाला हात लावत नाही. कोळीवाड्यांत होड्या शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की डागडुजी काढतात, तेच वेळापत्रक शिडाच्या बोटीलाही जमतं, फक्त आपण आणखी थोडं थांबतो. गणपती झाले की घासणं आणि लांबी (पुट्टी) भरणं. बोट उतरवायला उधाणाची भरती लागते, म्हणून आधी पंचांगात अमावास्या-पौर्णिमा बघून उतरवायचा दिवस ठरवतो आणि तिथून उलटे चार-पाच दिवस मोजून रंगाला सुरुवात करतो.

६. किती रंग लागेल?

वॉटरलाइनची (बोटीवर पाणी जिथवर येतं त्या रेषेची) लांबी गुणिले (रुंदी अधिक पाण्यातली खोली), सगळं मीटरमध्ये. लांब आणि भरलेल्या कीलच्या जड बोटीला तो आकडा तसाच घ्या, मध्यम बोटीला ०.७५ ने गुणा, हलक्या फिन कीलच्या (माशाच्या परासारखी अरुंद कील) बोटीला ०.५ ने.

उदाहरणार्थ, माझ्या बोटीची वॉटरलाइन ६.५ मीटर, रुंदी २.५, खोली १.४. म्हणजे ६.५ × ३.९ = २५.३५, ०.७५ ने गुणून १९ चौरस मीटर. दोन हातांचे ३८. एक लिटर सुमारे ९ चौरस मीटर धरला तर सव्वाचार लिटर. वॉटरलाइन, सुकाणू आणि कीलची पुढची धार यांना तिसरा हात लागतो, म्हणून ५ लिटर घेतो.

उरेल म्हणून कमी घेऊ नका. आणि ५ लिटर घेऊन २ लिटर उरला तर खूश होऊ नका: थर पातळ बसलाय. रोलरने एका हातात सुकल्यावर साधारण ४०-५० मायक्रॉन थर मिळतो. झिजणाऱ्या रंगाचं आयुष्य या जाडीवरच ठरतं. दुकानदार ब्रँडबद्दल बोलतो, मी जाडीबद्दल बोलेन.

७. दरवर्षी जुना रंग पूर्ण काढायचा का?

नाही. घट्ट बसलेला असेल तर वॉटर पेपरने, ८० ते १२० नंबरच्या, ओलं घासून खडबडीत करा आणि त्यावरच मारा. कडा सुटल्या असतील तिथे खरवडून कडा सपाट करा. नख लावलं की पापुद्रे निघतात, किंवा थरांची जाडी पावाच्या सालीएवढी झाली आहे, असं असेल तरच सगळं काढा. तेव्हा घाई नको आणि ग्राइंडर तर नकोच. जेलकोट एकदा खाल्ला गेला की खर्च चौपट.

८. बोट नवी आहे, बुडाला कधीच काही लावलेलं नाही. थेट जेलकोटवर मारू?

थेट मारलात तर पहिल्याच हंगामात तो पापुद्र्यांनी निघेल. साच्यातून बाहेर काढताना वापरलेलं मेण जेलकोटवर राहिलेलं असतं. आधी ते सॉल्व्हंटने पुसून काढा: एक फडकं ओलं, लगेच दुसरं कोरडं, आणि फडकी सारखी बदलायची, नाहीतर मेण फक्त पसरतं. खात्री करायची तर पाणी ओता. थेंब गोळा होऊन पळाले तर मेण आहे. पाणी सलग पसरलं तर निघालं. त्यानंतरच घासा. आधी घासलंत तर मेण ओरखड्यांत जाऊन बसतं.

मग इपॉक्सी प्रायमर. आपलं पाणी गरम, फायबरमध्ये पाणी शिरून फोड येण्याचा धोका जास्त, म्हणून मी चार-पाच हात देऊन एकूण २५० मायक्रॉनच्या आसपास जाडी धरतो. नवी बोट कोरडी असते तेव्हाच हे करून घ्यावं. नंतर ओल काढत बसण्यात महिने जातात.

शेवटच्या इपॉक्सीवर अँटीफाउलिंगचा पहिला हात कधी? इपॉक्सी अंगठ्याला चिकचिकेल, ठसा उमटेल, पण रंग अंगठ्याला लागणार नाही, त्या वेळी. आपल्या उकाड्यात ही वेळ पटकन निघून जाते. निघून गेली तर पूर्ण सुकू द्या, धुवा, घासा, मग मारा.

९. बोट जुनी घेतली आहे. आधीचा रंग कोणता, कुणालाच ठाऊक नाही.

थिनरमध्ये भिजवलेलं फडकं बुडाला मिनिटभर दाबून धरा. रंग मऊ पडून फडक्याला भरपूर लागला तर बहुधा झिजणारा आहे. जेमतेम लागला तर टणक. टणकावर मऊ मारता येतो. मऊवर टणक कधीच नाही, खालचा थर झिजायला लागला की वरचा ढलप्यांनी निघतो. काहीच कळेना तर मधे टाय-कोटचा (जुना आणि नवा रंग जोडणाऱ्या लेपाचा) एक हात द्या. या वेळेस काय लावलं ते मात्र डायरीत लिहून ठेवा: नाव, रंग, किती लिटर, कोणत्या तारखेला. पुढच्या मालकालाही ती वही द्या.

१०. खरवडलेला भुगा आणि धुतलेलं पाणी, त्याचं काय करायचं?

बोटीखाली ताडपत्री पसरा, भुगा गोळा करा, पिशवीत बंद करून यार्डाच्या घातक कचऱ्यात द्या. यार्डात तशी सोय नसेल तर मागणी करा. खाडीत लोटू नका. कोरडं घासू नका: त्या धुळीत तांबं असतं आणि ती तुमच्या व घासणाऱ्या माणसाच्या छातीत जाते. ओलं घासा. मास्क दोन वेगळ्या प्रकारचे लागतात, घासताना धुळीचा आणि रंगवताना सॉल्व्हंटच्या वाफेसाठी काडतुसाचा. बुडाखाली वर बघत काम असतं, म्हणून चष्मा. पूर्ण बाह्या, हातमोजे. रोजंदारीवर माणसं लावली असतील तर त्यांना हे सगळं आपणच द्यायचं; ते स्वतःहून मागणार नाहीत.

हे मी जरा जोर देऊन का सांगतो, त्याला कारण आहे. एके काळी सगळ्यात गुणी मानला गेलेला अँटीफाउलिंग ट्रायब्युटिलटिन म्हणजे टीबीटीचा होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात कालवांची पिल्लं धरेनाशी झाली, मोठ्यांची कवचं वेडीवाकडी जाड होऊ लागली आणि कालवांवर जगणारी माणसं उघड्यावर पडली. कारण निघालं बोटींच्या बुडाचा रंग. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरहून लहान बोटींवर त्याला बंदी घातली, ब्रिटनने १९८७ मध्ये निर्बंध आणले. २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि सप्टेंबर २००८ मध्ये तो लागू झाला. शेवाळासाठी रंगात मिसळलं जाणारं सायब्युट्रिनही २०२३ पासून त्याच करारात बंद आहे.

तांबं टीबीटीइतकं वाईट नाही, पण विषच आहे. आपल्या खाड्यांत ओहोटीला खडकांवर बसून बायका कोयतीने कालवं फोडतात. त्यांची कालवं आणि आपल्या बुडावरचे बार्नेकल एकाच पाण्यात वाढतात. तांबं बुडाला हवं आहे, त्यांच्या टोपलीत नको.

११. प्रत्यक्ष मारायचा कसा? थिनर किती घालायचा?

थिनर शक्यतो नाहीच. पातळ केला की थर पातळ, आणि थराचं महत्त्व प्रश्न ६ मध्ये सांगितलं. उकाड्यात रोलर ओढला जात नसेल तर कंपनी सांगेल तोच थिनर, सांगेल तेवढाच.

डबा उघडल्यावर ढवळत राहा. तांब्याचं ऑक्साइड फार जड, तळाला गाळ बसतो. नीट न ढवळता वापरलात तर पहिल्या अर्ध्या बुडाला नुसता रंग मिळतो आणि उरलेल्या अर्ध्याला सगळं तांबं. पाच-पाच मिनिटं हाताने ढवळायचं, मधेमधेही. स्वस्त स्पंजचे रोलर सॉल्व्हंटमध्ये विरघळतात, बारीक केसांचा रोलर घ्या.

हवा बघा. पहाटेचं दव बुडावर असताना रंग धरत नाही. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. मुंबईत ऑक्टोबरमध्ये याचा अर्थ सकाळी दहाच्या आत सुरुवात नाही आणि चारनंतर नवा हात नाही. भर उन्हातली बाजूही टाळा, सावली फिरते तसे आपण फिरायचं.

एक युक्ती जी मी कधीच सोडत नाही: पहिला हात वेगळ्या रंगाचा, म्हणजे खाली लाल, वर निळा. हंगामात जिथे लाल दिसू लागेल तिथे वरचा हात संपला. कुठे जास्त झिजतं ते बोटच दाखवते, आणि पुढच्या वर्षी तिसरा हात कुठे द्यायचा ते कळतं.

१२. कुठे लावायचा नाही?

झिंकच्या अ‍ॅनोडवर (स्वतः झिजून बोटीचे बाकीचे धातू वाचवणारा जस्ताचा तुकडा) कधीच नाही. रंगवलेला अ‍ॅनोड म्हणजे नसलेला अ‍ॅनोड. खोली मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर नेहमीचा रंग नको, त्यासाठी वेगळा पाण्यावर आधारलेला रंग मिळतो, त्याचा पातळ एकच हात. पंख्यावर (प्रोपेलरवर) तांब्याचा रंग फिरण्याने उडून जातो, तिथे पंख्यासाठीचा खास लेप द्या किंवा नुसता घासून चकचकीत ठेवा. पाणी आत घेण्याच्या छिद्रांच्या आत मात्र ब्रश घालून जिथवर पोचेल तिथवर जरूर रंगवा. इंजिन गरम होण्याची सुरुवात तिथल्या बार्नेकलने होते.

१३. बोट किंवा सेलड्राइव्हचा पाय (इंजिनापासून बुडाखाली उतरणारा, पंखा फिरवणारा भाग) अ‍ॅल्युमिनियमचा आहे. काही वेगळं?

पूर्ण वेगळं. क्युप्रस ऑक्साइडचा रंग अ‍ॅल्युमिनियमला लागता कामा नये. खारं पाणी मधे असताना तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. हा धडा जुना आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली 'अलार्म' जहाजाचं बूड तांब्याच्या पत्र्याने मढवलं आणि दोन वर्षांनी पाहिलं तर तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कुजून गेले होते. काही पत्र्यांना बांधणीतला खाकी कागद तसाच चिकटून राहिला होता. त्यांच्याखालचे खिळे मात्र शाबूत.

म्हणून अ‍ॅल्युमिनियमवर आधी इपॉक्सीचे भरपूर हात आणि मग तांबंरहित, किंवा अ‍ॅल्युमिनियमसाठी चालेल असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला रंग. बोट फायबरची आणि फक्त सेलड्राइव्ह अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर बुडाचा तांब्याचा रंग त्याच्या अलीकडे २-३ सेंटिमीटर थांबवा.

१४. बोट यार्डात ज्यावर टेकते त्या ठोकळ्याखाली आणि स्टँडच्या पॅडखाली रंग मारायचा राहून जातो.

उतरवायच्या दिवशी बोट क्रेनच्या पट्ट्यांवर लटकत असते तेव्हा यार्डाकडून अर्धा-पाऊण तास आधीच बोलून ठेवा. किंवा रंग चालू असताना स्टँड एकेक करून हलवून घ्या, पण ते यार्डाच्या माणसानेच. मालकाने स्वतः स्टँड काढू नये, तिथे जीव जाऊ शकतो.

१५. गोदीत जहाजाचा उरलेला अँटीफाउलिंग २० लिटरच्या ड्रममध्ये स्वस्त मिळतोय. घेऊ?

बहुतेक वेळा नको. मोठ्या जहाजांचा रंग सतत धावणाऱ्या जहाजासाठी बनवलेला असतो, पाण्याच्या वेगाने तो घासला जावा या हिशेबाने. तुमची बोट आठवड्यात सहा दिवस उभी. तो झिजणार नाही, आणि न झिजलेला रंग काय करतो ते प्रश्न १ मध्ये आलं आहे. शिवाय ड्रम किती जुना, कुठला, हे कळत नाही. मच्छीमार ट्रॉलरसाठीचा, कमी वेगाला चालणारा रंग सीलबंद आणि तारखेसह मिळाला तर गोष्ट वेगळी. त्याचं माहितीपत्रक मागून वाचा.

१६. पूर्वी डांबर, चुना, तेल लावत. लाकडी बोटीला आजही तेच का नको? आणि रंगात मिरचीपूड घालतात म्हणे?

चुना आणि तेल यांचा लेप आपल्याकडे जहाजांना पिढ्यान्‌पिढ्या लावला गेला आणि त्या काळाच्या मानाने तो चांगला होता. लाकडाचा खरा शत्रू बार्नेकल नाही, लाकूड आतून पोखरणारा टेरेडो किडा आहे. बाहेरून सुईएवढं भोक, आत बोटभर बोगदे. लेपाचं काम त्याला आत शिरू न देण्याचं होतं. पण होडी दर थोड्या दिवसांनी वाळूवर ओढून, जाळ दाखवून, लेप पुन्हा द्यावा लागे. तेवढे हात आणि तेवढा वेळ आज असेल तर जरूर करा.

लाकडी बोट मुरिंगवर ठेवायची तर तांब्याचा झिजणारा रंगच द्या, आणि एकही ओरखडा उघडा ठेवू नका. लाकडी बोट पावसाळाभर कोरडी फार वाळली तर फळ्या उकलतात आणि सांध्यांवरचा रंग तुटतो, म्हणून सांधे तपासून मगच शेवटचा हात.

मिरचीपूड मी घातलेली नाही आणि घालणारही नाही. रंगाचा मेळ मोजून जमवलेला असतो, त्यात मूठभर भुकटी टाकली की पापुद्रा कमजोर होतो.

१७. हंगामाच्या मधे बूड बुळबुळीत झालं आहे. घासू का?

मऊ स्पंज, हलका हात. झिजणारा रंग ब्रशने जोरात घासलात तर पाण्यात रंगाचा ढग दिसेल, म्हणजे तुमचे पैसे आणि तांबं दोन्ही खाडीत. अशी बोट चार-सहा तास चांगल्या वाऱ्यावर पळवून आणणं हा पहिला उपाय. बार्नेकल बसले असतील तर प्लास्टिकच्या पट्टीने एकेक काढा, लोखंडी नको. मुंबई बंदरात गढूळ पाण्यात आणि ओढीत एकट्याने बोटीखाली जाऊ नका.

मुंबईहून गोव्याला किंवा मालवणला बोट न्यायची असेल तर निघण्याआधी बूड साफ करा. प्रश्न ३ मधली ती परदेशी शिंपली अशीच बुडाला बसून बंदरामागून बंदर गाठते.

१८. क्रेनचा खर्च वाचवायला दोन भरतींच्या मधे, ओहोटीला बोट टेकवून रंग मारता येईल का?

मुंबईत पाण्याची चढउतार उधाणाला ४ मीटरच्या वर जाते, त्यामुळे सुचतं खरं. पण हातात मिळतात पाच-सहा तास. त्यात चिखल आणि मीठ गोड्या पाण्याने धुणं, सुकणं, रंगवणं आणि पुन्हा सुकणं. बऱ्याच रंगांना पाण्यात जाण्याआधी नुसतं सुकायलाच तेवढा वेळ लागतो. मीठ राहिलं तर रंगाखाली फोड येतात. एखादा ओरखडा झाकायला किंवा पंखा साफ करायला ठीक आहे. खरवडणं तिथे अजिबात नको, भुगा सरळ चिखलात जातो (प्रश्न १०). आणि फिन कीलची बोट आधाराशिवाय टेकवू नका.

१९. बोट नदीत, निमखाऱ्या पाण्यात असते. तिथे कमी रंग चालेल?

मांडवीसारख्या नदीत पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडं होतं आणि वरच्या अंगाला बार्नेकल मरतात. पण मेलेली कवचं चिकटूनच राहतात, आणि पाऊस संपून खारं पाणी परत वर चढलं की नवी पिल्लं येतात. दुसरं, गोड्या पाण्यात तांब्याचं ऑक्साइड कमी सुटतं, म्हणून शेवाळ जास्त दिसेल. रंग निकामी झाला असं समजून घाईने नवा मारू नका. पाणी खारं होईपर्यंत थांबा आणि मग बघा. हात मात्र तेवढेच, दोन आणि वॉटरलाइनला तिसरा.

२०. रंग मारून झाला, पण क्रेन मोडली आणि उतरवणं महिनाभर लांबलं. आता?

रंग झिजणारा असेल तर माहितीपत्रकातली मुदत बघा, बहुधा अजून आत असाल. उतरवायच्या आदल्या दिवशी बारीक ओल्या वॉटर पेपरने अगदी हलका हात फिरवून गोड्या पाण्याने धुवा, म्हणजे ताजा थर उघडा पडेल. टणक असेल आणि मुदत उलटली असेल तर तसंच हलकं घासून आणखी एक हात द्या. खर्च येतो, पण माझ्या त्या दिवाळीइतका नाही.